आधी ट्यूब लावून बघ

आणि वर हे मलाच विचारतात, "नले, भर दुपारी ट्यूब कशाला लावतेस गं?" आता ह्यांना काय सांगू? तुम्हाला सांगते, आणि तुम्हीच ठरवा यात माझं काय चुकलं… मी ट्यूब उजेडासाठी लावतच नाही मुळी, मी जागी आहे की झोपेत ते बघायला लावते! हसा, हसा. तुमची पोरं शाळेत जायला लागली, तुम्हाला हसायला काय जातंय?

अहो, नंदू झाल्यापासून मला एकच स्वप्न पडतं. माणसाला बदलून बदलून पडतात ना? मला नाही. रेशनचं दुकान, मी साखर घेतेय, दुकानदार म्हणतो, "बाई, पोराला जरा तराजूत ठेवा, हात मोकळे होतील," आणि मी ठेवते! बी.ए. झालेली बाई, सेकंड क्लास का होईना, पण ठेवते! एका पारड्यात नंदू, दुसऱ्यात वजनं… आणि मी साखर घेऊन घरी येते, डब्यात ओतते, झाकण घट्ट लावते, आणि मग आठवतं. पोर तराजूत राहिलं! धावायचं तर पाय उचलत नाहीत, जिन्याच्या पायऱ्या लापशीसारख्या मऊ… किंचाळत उठावं, तर हा पठ्ठ्या शेजारी अंगठा चोखत झोपलेला. मग मी त्याच्या नाकापुढे बोट धरून बसते. श्वास आहे? आहे. पण आता आहे, मी बोट काढल्यावर काय?

हे म्हणतात, "पाणी पी आणि झोप." यांच्या मते जगातलं प्रत्येक दुखणं पाण्याने जातं.

त्यात आली माझी नणंद, अनुपमा. अंधेरीला राहते, मानसशास्त्रात एम.ए. करते, सगळं सोप्पं असतं तिला. "वहिनी, सोप्पं आहे! स्वप्न पडू दे ना, फक्त आतल्या आत ओळखायचं की हे स्वप्न आहे. एकदा ओळखलंस की तू मालकीण! उड, नाच, त्या दुकानदाराच्या कानाखाली काढ, पण घाबरायचं नाही." मी म्हटलं, अगं पण ओळखायचं कसं? तर म्हणे, "दिव्याचं बटण दाबायचं. स्वप्नात दिवा लागत नाही. मात्र दिवसभर सवय कर हं, जाता येता बटण दाबायचं आणि विचारायचं, मी जागी आहे का?"

झालं! मी सवयीला लागले. कणीक मळताना उठायचं… खट्… फडफड… फडफड… लागली. म्हणजे जागी. न्हाणीघरात जाताना… खट्… लागली. जागी. आणि तुम्हाला सांगते, ती फडफड असते ना, तेवढ्यात माझा जीव कुठे जाऊन येतो ते माझं मला माहीत! नाही लागली तर? आधी मी फक्त झोपेत घाबरायचे, आता शिकून सवरून जागेपणीही घाबरायला लागले. डॉक्टर नंदूचा घसा बघत होते, माझा हात गेला भिंतीकडे, खट्… अंधार. "कोण आहे तिकडे?" मी आहे, म्हटलं. जागी आहे.

समोरच्या रत्नप्रभाकाकूंकडे कढीपत्ता मागायला गेले, तर त्यांचंही बटण दाबलं. मूळच्या मालवणच्या त्या. बघत राहिल्या. "गो बाय, तुका काय होतासा?" काही नाही काकू, जागी आहे का बघत होते. त्यांनी कढीपत्ता दिला, पण जरा लांबूनच दिला.

आणि मग ती दुपार. नंदूला झोळीत घातलं, मी खाली चटईवर कलंडले, दार आपलं नेहमीसारखं लोटलेलं. डोळा लागला. उघडला, तर झोळी रिकामी! नुसती हलतेय… पोर नाही. किंचाळणारच होते, पण तेवढ्यात आठवलं. घाबरायचं नाही, आधी ट्यूब. गेले. खट्… फडफड नाही, काही नाही. खट्, खट्. नाहीच लागली!

काय सांगू तुम्हाला, मला रडूच आलं आनंदाने. जमलं! स्वप्न ओळखलं मी! मी मालकीण! आता काय करू? उडू? मला तर गच्चीच्या कठड्याशीही भीती वाटते. दुकानदार समोर नाही. मग मनात आलं… चहा. पोर झाल्यापासून अख्खा कप गरम चहा एका जागी बसून प्यायलेच नव्हते हो! केला. आलं ठेचून घातलं. झोळी समोर रिकामी हलतेय आणि मी पाटावर बसून बशीत ओतून फुर्र… फुर्र… जीभ भाजली. म्हटलं, वा! किती खरं वाटतंय!

एवढ्यात खालून वॉचमनला कुणीतरी ओरडलं, "अरे शिवदास, लाईट कधी येणार रे?" आणि शिवदास ओरडला, "अख्ख्या मुलुंडची गेलीय! पाच वाजता येणार!"

बशी हातातून पडली. अंधेरीच्या बाईला काय माहीत, तिच्याकडे लाईट जातच नाही, पण आपल्या मुलुंडला जाग असली तरी दिवा लागत नाही! म्हणजे मी जागी. म्हणजे झोळी खरंच रिकामी. म्हणजे माझं पोर कुणीतरी नेलं आणि मी, सख्खी आई, आलं ठेचत होते! अनवाणी धावले, ओरडले काय, दार आपटलं काय… समोरचं दार उघडं, आणि आत नंदू काकूंच्या मांडीवर, कपाळावर एवढी मोठी काजळाची तीट, बाजूला मीठमिरच्यांचा धूर.

"अगो, पोर रडान रडान लाल झाला, हाक मारलंय तर तू मेल्यासारी निजलंस! म्हटलंय, दृष्ट तरी काढूया. बस, ह्येची झाली. आता तुझी काढतंय."

आणि काढली हो त्यांनी. मीही पुढ्यात जाऊन बसले. म्हटलं, लागलीच असेल.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच स्वप्न. दुकान, तराजू, साखर, डबा, झाकण… आणि आठवलं! हात आपोआप बटणाकडे. खट्. नाही लागली. आणि मी काय म्हटलं असेल? म्हटलं, मेली लाईट गेली! म्हणजे खरं आहे! अशी धावले… पायऱ्या मऊ होत्या, रुतत होत्या, तरी धावले, आणि तराजूतून पोर उचललं. पहिल्यांदाच परत पोचले मी त्या दुकानात! अनुपमा म्हणते, "म्हणजे तू ओळखलंच नाहीस, वहिनी! नापास!" असेन नापास. पोर आणलं ना मी?

पण आता एक शंका येतेय बघा. मी एवढा वेळ बोलतेय, तुम्ही एवढ्या जणी, आपल्या बिल्डिंगमधल्या, आणि एकही मधे बोलली नाही? असं कधी होतं? सुनंदा, तुझ्या पाठीमागे बटण आहे ना, दाब गं जरा…

नाही लागली?

बरं, ते राहू दे. आधी मला सांगा, नंदू कुणाच्या मांडीवर आहे?