सासूबाईंचे पाच गुण

दक्षिण कोरियातल्या सेजोंग शहराच्या नव्या वसाहतीतला नमुन्याचा फ्लॅट बघायच्या रांगेत माझ्यापुढे एक सासू आणि तिची सून उभ्या होत्या.

“आई, कुणी विचारलं तर तीन वर्षं आमच्याकडेच राहता म्हणून सांगा. घरात म्हातारं माणूस असलं की फ्लॅटच्या सोडतीत पाच गुण जास्त मिळतात.”

“राहतेच की, कागदावर. जेवतेही कागदावरच, म्हणून तर एवढी वाळले.”

“हळू बोला.”

“बरं, नकाशात ही खोली कुणाची?”

“तुमच्या नातीची.”

“ही?”

“कपड्यांची.”

“आणि हा कोनाडा?”

“तिथे किमचीचा फ्रिज बसेल.”

“किमचीलासुद्धा जागा आहे. तिचे किती गुण मिळतात गं?”

“आई, मी बोलावते, तर तुम्हालाच गाव सोडवत नाही.”

“बोलावतेस खरी. मी पाठवलेली कोबीची किमची संपली की.”

रांग सरकली. चौकशीच्या खिडकीतल्या मुलीने हसून विचारलं, “आजी, तुम्ही यांच्याकडेच राहता?”

“मग कुठे जाणार? सून सहाला उठून मला सोयाबीनच्या मोडांचं सूप करून देते. गार झालं तर पुन्हा गरम करते. वाटी रिकामी झाल्याशिवाय उठू देत नाही.”

“नशीबवान आहात, आजी.”

आतल्या दाराशी दोघी चपला काढायला वाकल्या.

“आई, तुम्हाला मोडांचं सूप आवडतं?”

“तीन वर्षं करून घालतेयस, आणि एवढंही माहीत नाही?”