सोफ्यावर झोपलेला माणूस

माझी ती फोन करायची नोकरी आठवते ना तुम्हाला? ग्लासगोला आर्ट कॉलेजात शिकत होते तेव्हाची, कॉलेजसाठीच. ज्यांना प्रवेश मिळालाय त्या मुलांना फोन करायचा, अभिनंदन करायचं, काही शंका आहेत का विचारायचं, एवढंच काम.

एकदा साउथहॅम्प्टनच्या निखिलला फोन लावला. उचलला त्याच्या वडिलांनी. बोलण्यावरून मराठी वाटले, म्हणून मी खुशीत मराठीतच त्यांचं अभिनंदन केलं.

ते म्हणाले, "निखिल गेला गं. मागच्या महिन्यात, ॲक्सिडेंटमध्ये."

मी सॉरी म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "त्याची चित्रं आहेत का तुमच्याकडे? आम्हाला त्याने कधी दाखवली नाहीत."

त्याने अर्जासोबत पाठवलेला पोर्टफोलिओ मी स्क्रीनवर उघडला. "काका, एकाच माणसाची खूप स्केचेस आहेत. सोफ्यावर झोपलेला, अंगात हॉस्पिटलचे कपडे, चष्मा छातीवर. एकात तर नुसते मोजे काढलेत, अंगठ्यापाशी भोक पडलेले."

 ते म्हणाले, "हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून आलो की मी तिथेच आडवा व्हायचो. तो समोर बसलेला असायचा. मला वाटायचं, फोनवर खेळतोय."

"चित्रं पाठवायची सोय करू का, काका?"

"कर. पण आत्ता फोन ठेवू नकोस. अजून काय काय काढलंय त्याने, सांग."