राघूची घंटा

आता पोपट शिंकला तरी त्याचा डॉक्टर सापडतो. आम्ही होळी गावातली वाडी सोडून विरारच्या फ्लॅटात आलो, तेव्हा आसपास होते ते फक्त म्हशींचे डॉक्टर. आणि आमचा राघू आल्यापासून काही खाईना. पेरू नको, डाळ नको, नुसता पिसं फुगवून बसलेला. आईच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी बाबा तबेल्यावरून डॉक्टरांनाच घरी घेऊन आले.

त्यांनी वाकून पिंजऱ्यात पाहिलं. "वहिनी, म्हैस असती तर जीभ धरून बघितली असती. याची कुठे धरू?"

आईने निदान चहा तरी घ्या म्हणून पेला पुढे केला. डॉक्टरांनी साखर ढवळली, चमचा पेल्यावर टणटण वाजला, आणि राघू बोलला, "मिरची दे."

आई म्हणाली, "अहो, घंटा."

वाडीत संध्याकाळी चर्चची घंटा झाली की ती त्याला मिरची द्यायची, मग तो जेवायचा. फ्लॅटात घंटा कुठली ऐकू येणार?

तेव्हापासून आई रोज पेल्यावर चमचा वाजवायची. राघू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी दिवेलागणीला स्वयंपाकघरातून टणटण ऐकू येतं, आणि बाबा पेपरातून मान वर न करता विचारतात, "खाल्लं का गं त्याने?"