आरक्षण पडलं

(नगर परिषदेच्या इमारतीतली मागची खोली. दारावर ‘नगररचना व विकास विभाग’ अशी पाटी. दोन टेबलं, त्यातल्या एकावर कुणीच नाही.)

लालीबाई : असं कसं नाही म्हणतं, पोरी? घरकुलाच्या यादीत नाव आलं. तुमच्याच माणसानं येऊन पडक्या भिंतीचा फोटो काढला. आता बांधाची परवानगी मांगाले आली तं तू मान हलवून राह्यली.

दिपाली : यादी घरकुलवाल्यांची, मावशी. परवानगी या खोलीची. त्यांनी भिंत पाहिली, मी नकाशा पाहिला. नकाशात तुमच्या घराच्या जागी बगीचा आहे.

लालीबाई : कायचा बगीचा? तिथं माया बकऱ्या अन् एक निंब.

दिपाली : कागदावर आहे. हा पाहा, हिरवा चौकोन. त्याच्यात तुमचं घर पूर्ण येते. त्या जागेवर पक्कं बांधकाम करता येत नाही.

लालीबाई : बापा. अन् शामच्या बाबायले मी काय सांगू? मागची भिंत गेल्या पावसाळ्यात बसली. ताडपत्री बांधून राह्यलो आम्ही. त्यायले दमा. ओल चढली का रातभर उठून बसतात, मी पाठ चोळतो. डॉक्टर म्हणते, कोरड्या घरात ठेवा. कोरडं घर काय मेडिकलमधी भेटते?

दिपाली : मला समजते, मावशी. पण तिथं आरक्षण आहे.

लालीबाई : ते मले माहीत आहे. आरक्षण पडलं त्या दिवशी मी लापसी केलती.

दिपाली : लापसी कशाला?

लालीबाई : आता कायले म्हणून काय विचारतं? आमचा तांडा शहराच्या हद्दीत घेतला, त्याच्या मागून आमचा नायक पूनमसिंग इथूनच आयकून आला. तांड्यातल्या जागेवर आरक्षण पडलं म्हणे. आम्हाले वाटलं, आमच्या लोकायसाठी राखली जागा. आता कोणी बाहेरचा येऊन घेणार नाही. सेवालालच्या देवळापुढं सगळा तांडा जेवला. शामनं तं डीजे आणलता.

दिपाली : अरे देवा.

लालीबाई : काहून? काय झालं?

दिपाली : हे ते आरक्षण नाही, मावशी. जातीचं, नोकरीचं, शिक्षणाचं ते वेगळं. जागेवर आरक्षण म्हणजे ती जागा सरकारी कामासाठी धरून ठेवली. उद्या बगीच्यासाठी घेणार, म्हणून आज तुम्ही काही करायचं नाही. ती राखली, पण तुमच्यासाठी नाही.

(लालीबाई नकाशा स्वतःकडं ओढते अन् हिरव्या चौकोनावर बोट ठेवते.)

दिपाली : मावशी, पाणी घेता का?

लालीबाई : मंग त्या टायमाले आम्हाले कोणी सांगतलं काहून नाही?

दिपाली : नकाशा बाहेर बोर्डावर लावलेला होता. ज्याला नको असेल त्यानं महिनाभरात हरकत घ्यायची होती. मी तेव्हा कॉलेजात होते. पण फाइल पाहिली तर तुमच्या तांड्यावरून एकही हरकत नाही. मला नवलच वाटलं होतं.

लालीबाई : आरक्षणाले कोणी हरकत घेते का, पोरी? त्याच्यासाठी तं चपला तुटेलोक आम्ही यवतमाळले मोर्च्यात गेलतो.

दिपाली : खरं आहे.

लालीबाई : बरं, मंग करा न बगीचा. दहा वर्षं झाले. घ्या जागा, मोबदला द्या, आम्ही दुसरीकडं बांधतो. तेही नाही करत.

दिपाली : पैसा नाही.

लालीबाई : सरकारपाशी पैसा नाही?

दिपाली : सरकारपाशी असेल. या खोलीपाशी नाही. नकाशा जिल्ह्याच्या ऑफिसनं काढला, सही मुंबईची. जागा विकत घ्यायची मात्र आम्ही. वरून पैसा येतो तो नाव घालून येतो. पाण्याचा नळाला, कचऱ्याचा कचऱ्याला, रस्त्याचा रस्त्याला. इकडचा तिकडं केला की ऑडिटवाले धरतात.

लालीबाई : आमच्या घरी बियाण्याचा पैसा दवाखान्यात गेला तं कोणी धरत नाही. उपाशी राहा लागते फक्त.

दिपाली : आमचा स्वतःचा पैसा म्हणजे विकास शुल्क. घर बांधताना लोक परवानगी काढतात, तेव्हा ते भरतात. पण इथं कोणी परवानगी काढतच नाही. रातोरात स्लॅब टाकतात.

लालीबाई : अन् मी काढाले आली तं तू देत नाही.

दिपाली : हो.

लालीबाई : तुया साहेबाले भेटू दे. कुठं आहे ते? खुर्ची तं मोकळीच.

दिपाली : साहेबांकडे दुसऱ्या गावचाही चार्ज आहे. पगार त्यांना राज्य सरकार देते. माझा एजन्सी देते, कंत्राटावर. विभाग म्हणाल तर आम्ही दोघं अन् हे कपाट.

लालीबाई : एवढं मोठं शहर, अन् त्याचं सगळं तुमच्या कपाटात.

दिपाली : एक रस्ता आहे, मावशी. दहा वर्षं उलटली, तर मालक नोटीस देऊ शकतो. जागा घ्या, नाहीतर सोडा. दोन वर्षांत नगर परिषदेनं घेतली नाही, तर आरक्षण उठते. मग हवं ते बांधा.

लालीबाई : अन् तेवढ्यात तुमच्यापाशी पैसा आला तं?

दिपाली : येणार नाही. बजेटात जागा घ्यायच्या नावानं एक ओळ असते. तिच्यापुढं दरवर्षी शून्य.

लालीबाई : म्हंजे तुमची गरिबी माया घराची राखण करन.

दिपाली : असंच समजा.

लालीबाई : आमच्या गरिबीनं तं आजलोक कोणाचीच राखण केली नाही. अन् घरकुल? ते दोन वर्षं थांबन?

दिपाली : नाही. तुमच्या जागी पुढच्याचं नाव लागेल. तुम्हाला पुन्हा अर्ज करावा लागेल.

लालीबाई : एक विचारू? बगीच्यात लोकं काय करतात?

दिपाली : बसतात. बोलतात. लेकरं खेळतात.

लालीबाई : माया निंबाखाली तेच करतात. बुढे बसतात, पोट्टे पडतात. मी कोणाले उठवलं नाही. मंग कायले पायजे होता तो हिरवा चौकोन?

दिपाली : तुमचा तांडा कोणी येऊन पाहिला असता, तर काढलाच नसता कदाचित.

लालीबाई : जाऊ दे. तू तरी काय करशीन? लिही नोटीस. सही मी करतो, नाव तेवढं येते लिहाले.

दिपाली : नीट विचार करा. दोन पावसाळे काढावे लागतील त्या ताडपत्रीखाली.

लालीबाई : मी काढीन, पोरी. शामच्या बाबायचं सांगता येत नाही.