पाण्याच्या टाकीत गिटार वाजविल्याबाबत

मी प्रसेनजीत भाऊसो शिंगे, वय २२ वर्षे, व्यवसाय गाणी रेकॉर्ड करणे, शिक्षण इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षातून सोडले (काढले नाही, मीच सोडले), रा. शिवतेज अपार्टमेंट, तिसरा मजला, फुलेवाडी, कोल्हापूर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारलेवरून सांगतो की,

वरील ठिकाणी मी आईवडिलांसह राहतो. खालच्या मजल्यावर शशिधर बाळाप्पा मगदूम व त्यांची मुलगी रक्षिता, वय २१, राहतात. रक्षिताची व माझी ओळख आहे. शशिधर काका जिन्यात भेटले तर माझ्याशी बोलत नाहीत. त्याचे कारण मला माहीत आहे. ते इथे लिहू नये.

मी एक गाणे केले आहे. घरी रेकॉर्डिंगला बसले की आईचा कुकर शिट्टी मारतो, शिवाय खोलीत गिटारचा आवाज मेल्यासारखा येतो. आमच्या गच्चीवर सिमेंटची मोठी टाकी आहे. काल रविवारी ती धुवायची होती. ते काम मी आपण होऊन मागून घेतले. चेअरमन आकाराम काका म्हणाले, "तू टाकी धुणार? बरा हाईस न्हवं?"

साडेदहापर्यंत टाकी धुऊन, पुसून कोरडी केली. आत गिटारचा अॅम्प्लिफायर उतरवला. एक माइक स्पीकरपासून वीतभर अंतरावर, मधोमध न धरता जरा कडेला लावला. मधोमध लावला की आवाज कानाला टोचतो. दुसरा माइक घुमणारा आवाज पकडायला पलीकडच्या कोपऱ्यात, तळाशी ठेवला. त्याच कोपऱ्यातून सगळ्या घरांच्या नळांना पाइप जातो, हे माझ्या ध्यानात आले नाही.

मी गच्चीवर हेडफोन लावून बसलो. मित्र आर्यन वडापाव आणायला खाली गेलता. ११.१० वाजता गाणे वाजवले. शेवटी अॅम्प्लिफायरला जोडलेल्या तिसऱ्या माइकवरून बोललो, "रक्षिता, हे तुझ्यासाठी हाय. माझ्यासंगं लगीन करतीस का?" हे मी तिला संध्याकाळी एकटीला ऐकवणार होतो.

इतक्यात हेडफोनमध्ये आवाज आला, "नळात कोण हाय रं?" मला वाटले, आर्यन खालून चेष्टा करतोय. म्हणून म्हणालो, "तुझा जावई हाय!"

सदरचा आवाज शशिधर काकांचा होता. त्यांनी दाढीसाठी नळ उघडला होता.

काका गालाला फेस तसाच ठेवून गच्चीवर आले. "नळातनं पोरीला मागणी घालतोस व्हय रं?" म्हणाले व त्यांनी माझी गिटार उचलली. माझे डोके फिरले. मी त्यांची कॉलर धरली ही तक्रार खोटी आहे. ते बनियनवर होते. खांद्यावरचा टॉवेल धरला, हे खरे आहे. आकाराम काकांनी आम्हाला सोडवले.

या गडबडीत रेकॉर्डिंग चालूच राहिले. ते आज हवालदार साहेबांनी आम्हा दोघांसमोर लावले. आमचा आरडाओरडा चालू असताना कोपऱ्यातल्या माइकमध्ये बारीक, पण स्पष्ट आवाज आला आहे, "प्रसेन, व्हय. व्हय म्हणलं की! आता आधी पाणी सोड, भांडी पडल्यात."

सदर आवाज आपल्याच मुलीचा असल्याचे शशिधर काकांनी ओळखून सांगितले. त्यांनी ठाण्यात दिलेला चहा अर्धा खाली ठेवला. थोड्या वेळाने परत उचलून प्याले.

टॉवेलबाबत मी त्यांची माफी मागतो. रेकॉर्डर पुराव्यासाठी ठेवून घेण्यास हरकत नाही, पण तेवढ्या वाक्याची कॉपी मिळावी. तसेच मला लवकर सोडावे. टाकी अजून भरलेली नाही.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. फक्त "व्हय" दोनदा लिहावे, ती दोनदा म्हणाली आहे, असे मी सांगितलेवरून तशी दुरुस्ती करून घेतली.