वळणावरचा हॉर्न

तुम्ही सगळ्या नवऱ्याकडून गाडी शिकल्याच्या रडकथा सांगताय, तर आता माझ्या आईचं ऐका. बाबा सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचे. ते गेले, आणि पुढच्या वर्षी आई म्हणाली, "माका गाडी शिकव गो."

शिकवणारी मी, म्हणजे तोंडाचा पट्टा चालूच. "आरसा बघ. पुढच्या गाडीला चिकटू नको. गियरकडे बघत चालवू नको!"

मुळगावात आमच्या घराच्या अलीकडे एक आंधळं वळण आहे. मी म्हटलं, "इथे समोरून कोण येतंय ते दिसत नाही. वेग कमी कर, आपली बाजू सोडू नको आणि हॉर्न दे."

आईने सगळं बरोबर केलं. हॉर्न मात्र दिला एक लांब आणि दोन आखूड.

"अगं, एकदा दिला की पुरे!"

"एकदाच दिलो तर घरात कसां कळतलां?"

तो बाबांचा हॉर्न होता. वळणावरून तो ऐकू आला की आई तव्यावर बांगडा सोडायची. ट्रक लावून, हातपाय धुऊन बाबा आत येईपर्यंत ताट तयार असायचं.

"आई, घरात आहे कोण? आपण दोघी इथे, घराला कुलूप."

वळण संपल्यावर तिने इंडिकेटर देऊन गाडी नीट कडेला घेतली आणि काच खाली केली.

"ठाऊक आसा गो. इतकी वर्षं तेंचो हॉर्न मी ऐकलो. माझो कोण ऐकता काय, एकदा बघूया म्हटलां."