फिरणं झालं कुठं?

आर्णीच्या बसस्टँडवर आलूबोंड्याच्या गाडीपाशी निकिता उभी होती. पुढं सकाळचं फिरून घामाघूम झालेले एक काका, अन् त्यांच्या हातातल्या बोंड्यावर डोळे वटारून काकू.

"डॉक्टर काय म्हणे? फिरून झाल्यावर तासभर काई खायचं नाई, तवाच आतली चरबी जळते."

"मी कुठं नाई म्हणून राह्यलो?"

"मंग हे काय हाय हातात?"

"अवं, फिरून *झाल्यावर* म्हणे ना! माह्यं फिरणं झालंच कुठं? मुकुटबनले उतरलो की तुह्या माहेरापावतर चालनं हायच."

"अस्सं!" काकू गाडीवाल्याकडं वळल्या. "भाऊ, यायले अजून दोन बोंडे द्या."

"खरंच?"

"खा बिनधास्त. बस सोडून देऊ. इथूनच पायी जाऊ मुकुटबनले, शंभरावर किलोमीटर तर हाय."

काकांनी उष्टा न झालेला बोंडा निकितापुढं धरला.

"पोरी, नाश्ता झाला का तुहा?"